तालीम नोंदवही : शिंप्याची दोन वयं

दोन अंकी नाटक. मुख्य भूमिका एका शिंप्याची, पहिल्या अंकात वय २७, दुसऱ्यात ६२. नट २४ वर्षांचा, आवाज चांगला, अंग मोकळं. लांब भूमिका त्याच्यासाठी नवी. वही दिग्दर्शन, आवाज आणि रंगमंच व्यवस्था अशा तिन्ही बाजूंनी लिहिली जाते. काय ठरलं, काय फसलं, का फसलं, एवढंच इथे यावं.

३ जून

पहिलं वाचन, टेबलाभोवती बसून. भाव दाखवायचे नाहीत आणि आवाजही चढवायचा नाही. कागदावरून एका नजरेत जेवढे शब्द उचलता येतील तेवढे उचलायचे, मान वर करायची, समोरच्याकडे बघून ते बोलायचे आणि मग पुन्हा कागदाकडे. अशाने वाचन दीडपट लांबतं. लांबू दे. मान खाली घालून सलग वाचलं की पहिल्याच दिवशी प्रत्येक वाक्याला एक चाल चिकटते आणि ती महिनाभर सुटत नाही.

वाचनानंतर नटाने संहितेतून चार याद्या काढायच्या. लेखकाने रंगसूचनांत दिलेली माहिती ही पहिली. पात्र स्वतःबद्दल काय म्हणतं ही दुसरी, इतर पात्रं त्याच्याबद्दल काय म्हणतात ही तिसरी, आणि तो इतरांबद्दल काय म्हणतो ही चौथी. दुसरी आणि तिसरी यादी जिथे जुळत नाही तिथे काम आहे. आपल्या शिंप्याचं म्हणणं असं की तो दिलेली तारीख चुकवत नाही. पहिल्या अंकातली तीन पात्रं मात्र उशिरा मिळालेल्या कपड्यांबद्दल बोलतात. म्हणजे तो खोटं बोलतो, किंवा त्याला खरोखर तसं वाटतं. दोन्हींचा अभिनय वेगळा होईल. आपण दुसरा पर्याय घेतला.

पात्राचं पूर्वायुष्य लिहायला तरुण नटांना फार आवडतं, दहा-दहा पानं होतात. इथे एक चाळणी लावली. पूर्वायुष्याच्या प्रत्येक वाक्यापुढे ‘म्हणून रंगमंचावर तो…’ असं लिहून वाक्य पूर्ण करायचं. पूर्ण होत नसेल तर ते वाक्य खोडायचं. ‘लहानपणी वडिलांचा मार खाल्ला’ हे एकटं निरुपयोगी. ‘म्हणून कुणी पाठीमागून आलं की तो आधी कात्री खाली ठेवतो’ हे जोडलं की ते करता येतं.

७ जून

प्रवेशांचे तुकडे पाडले. पात्राला हवी असलेली गोष्ट बदलते तिथे नवा तुकडा. साधारण एका पानात दोन ते चार तुकडे पडतात. एका पानात आठ पडले तर समजावं की भावना मोजल्या जात आहेत, हेतू मोजले जात नाहीत.

प्रत्येक तुकड्याला एक क्रियापद द्यायचं, आणि ते समोरच्या माणसावर घडणारं हवं. ‘रागावणे’, ‘दुखावलं जाणे’ ही चालणार नाहीत, कारण राग आणायचा म्हटला की नट भुवया आवळतो आणि थांबतो. ‘त्याला दारापाशी अडवणे’, ‘तिच्याकडून होकार काढणे’, ‘पोराला खजील करणे’ ही चालतात. झालं की नाही हे समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतं, त्यामुळे नटाला बाहेर बघावंच लागतं. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की १९३० च्या दशकात, आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत, शारीरिक कृतींवर भर देऊ लागला त्याचं कारण व्यावहारिक होतं. भावना हुकमाने येत नाही, कृती येते. रोज रात्री ठरलेल्या वेळी नाटक उभं करायचं असेल तर हातात असलेल्या गोष्टीवरच ते उभं करावं लागतं.

क्रियापदं पेन्सिलने लिहावीत. निम्मी बदलतील.

१० जून

पाठांतर. नट रोज तासभर मोठ्याने घोकत होता, ते बंद केलं. नवी पद्धत अशी:

एका वेळी एक प्रवेश घ्यायचा. आधी समोरच्याची वाक्यं पाठ, मग आपली. आपलं वाक्य समोरच्याच्या शेवटच्या शब्दातून सुटत नाही. त्याच्या वाक्यात मध्येच एक शब्द असतो, जो ऐकून आपल्याला बोलावंसं वाटतं. तो शब्द अधोरेखित करायचा आणि श्वास तिथे घ्यायचा. एवढ्याने दोन संवादांमधली मेलेली फट बुजते.

मग पान झाकायचं आणि आठवून लिहायचं. चुकलं की लगेच पाहायचं नाही, दहा सेकंद अडकून राहायचं. आठवायचे कष्ट घेतल्यावर जे बसतं ते वाचून बसत नाही. त्याच दिवशी रात्री एकदा, दुसऱ्या दिवशी एकदा, मग तीन दिवसांनी. मध्ये झोप हवी. जागून केलेलं पाठांतर सकाळी पातळ होतं.

हे सगळं सपाट सुरात. चढ-उतारासकट पाठ केलं की समोरच्याने वेगळ्या सुरात क्यू (आपल्या बोलण्याआधीचं त्याचं वाक्य) दिला तरी नट जुन्याच सुरात उत्तर देतो.

कसोटी: दोघांनी चेंडू फेकत, ठरलेल्या वेगाच्या दीडपट वेगाने प्रवेश बोलायचा. चेंडू सुटतो तिथे पाठांतर कच्चं आहे. बहुतेक वेळा ती जागा ‘आणि’, ‘पण’, ‘तरी’ यांच्यापाशी निघते, कारण विचार का वळला हेच नटाने ठरवलेलं नसतं.

१४ जून

पायमशीन आलं. शिंप्याच्या भूमिकेची अर्धी तयारी इथे आहे, म्हणून ही नोंद लांब.

पाय: दोन्ही पावलं पट्टीवर, एक किंचित पुढे. टाच आणि चवडा आलटून पालटून दाबायचे. सुरुवात पायाने करायची नाही. उजव्या हाताने चाक स्वतःकडे फिरवायचं आणि ते फिरू लागलं की पायाने उचलायचं. चाक उलटं गेलं की दोरा तुटतो किंवा खाली गुंता होतो. नवशिक्याचं हेच होतं, आणि पहिल्या दोन रांगांना ते दिसतं. आधी कापडाशिवाय, दोरा न ओवता, नुसती लय बसवायची. रोज १५ मिनिटं, बोलत. बोलताना पाय थांबले तर अजून जमलेलं नाही.

हात: डावा हात कापडाला दिशा देतो, ओढत नाही. ओढलं की सुई वाकते. शिवायला सुरुवात करताना वरचा आणि खालचा दोरा मागे घेऊन धरायचा, दाबपट्टी (सुईखाली कापड दाबून धरते ती) खाली करायची, मग चाक. दाबपट्टी खाली करायला विसरलं की कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा पुंजका होतो. कापड काढताना दोरा ओढणारा दांडा सर्वांत वर हवा, नाहीतर पुढच्या टाक्याला सुईतून दोरा निसटतो.

हातशिलाई: दोरा बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, सुमारे ४५ ते ५० सेंमी. नट खांद्यापर्यंतच्या पूर्ण हाताएवढा दोरा घेत होता. एवढा लांब दोरा गाठी मारतो आणि हात प्रत्येक टाक्याला खांद्याच्या वर जातो. अनुभवी शिंप्याचा हात फारसा वर जात नाही. अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलताना बोटात घालायचं टोपण, मधल्या बोटात. शिंप्याचं अंगुस्तान वरून उघडं असतं आणि सुई त्याच्या बाजूने ढकलली जाते, टोकाने नाही. टोकाने ढकलणारा नट कुठल्याही शिंप्याला तत्काळ ओळखू येईल.

आवाजाची अडचण आलीच. मशीन चालू असताना पाचव्या रांगेपुढे संवाद पोचत नाही. चाकाच्या मधली गोल कळ सैल केली की चाक फिरतं पण सुई हलत नाही, आणि खडखड बरीच कमी होते. बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) भरताना शिंपी हेच करतात. संवादाच्या वेळी कळ सैल, आणि ज्या दोन ठिकाणी आवाज मुद्दाम हवा तिथे घट्ट. कळ फिरवण्याची कृती नटाने स्वतः, पात्राच्या कामाचा भाग म्हणून करायची. पट्टा कोरडा पडला तर घसरतो, जादा पट्टा पेटीत ठेवावा.

हे सगळं शिकल्यावर रंगमंचावर दिसेल ते चारेक मिनिटं. तेवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. ही चार मिनिटं खरी निघाली की उरलेल्या वेळात हातांचं काय करायचं हा प्रश्न नटाला पडत नाही.

१८ जून

आवाज. तालमीआधी रोज १२ मिनिटं, क्रम न बदलता. सुरुवातीची ३ मिनिटं जमिनीवर पाठ टेकून श्वास: बरगड्या बाजूंना फुगल्या पाहिजेत, खांदे वर जाता कामा नयेत. पुढची ५ मिनिटं नळीतून सूर. साधी नळी पाण्यात ३ ते ४ सेंमी बुडवायची, तीतून ‘ऊ’ काढत खालून वर आणि वरून खाली सरकायचं. तोंडाशी अडथळा आला की मागे दाब तयार होतो आणि स्वरपट्ट्या एकमेकींवर कमी जोराने आपटतात. ४ मिनिटं उच्चार.

उच्चारांत नटाची मुख्य अडचण वाक्याच्या शेवटाची. मराठीत क्रियापद शेवटी येतं, नकार त्याच्याही पुढे. ‘मी तो कोट त्याला दिला नाही’ या वाक्यात सगळं शेवटच्या शब्दावर आहे. तरुण नट जोर लावतात पहिल्या दोन शब्दांवर, श्वास संपतो आणि ‘नाही’ पोटात राहतं. शेवटच्या रांगेतला माणूस उलटा अर्थ घेऊन घरी जातो. उपाय: वाक्य उलट्या क्रमाने बांधायचं. ‘नाही.’ ‘दिला नाही.’ ‘त्याला दिला नाही.’ ‘तो कोट त्याला दिला नाही.’ आणि मग पूर्ण. ओरडायचं नाही. पोचवतात ती व्यंजनं, स्वर नुसते मोठे होतात.

घसा खाकरणं बंद. खाकरताना स्वरपट्ट्या जोरात आपटतात, सूज येते, सूज आली की पुन्हा खाकरावंसं वाटतं. त्याऐवजी पाण्याचा घोट किंवा कोरडाच आवंढा. रोजची तपासणी सोपी आहे. वरच्या पट्टीत अगदी हलक्या आवाजात एक ओळ गुणगुणायची. हलका सूर फाटला किंवा त्यात हवा आली तर सूज आहे, त्या दिवशी अर्ध्या आवाजात तालीम. घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त राहिला तर घरगुती उपाय सोडून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं.

२३ जून

वय ६२. पहिल्या प्रयत्नात जे येतं तेच आलं: वाकलेली पाठ, कापरा हात, खोल घोगरा आवाज. तिन्ही काढून टाकलं.

आवाजापासून सुरुवात केली, कारण तिथला गैरसमज सगळ्यांत पक्का आहे. पुरुषांचा आवाज साठीनंतर खोल जात नाही, साधारणपणे किंचित वर सरकतो. बदलतो तो श्वास. म्हणून एका श्वासात बोलल्या जाणाऱ्या शब्दांची संख्या कमी केली. पहिल्या अंकात १२ ते १४ शब्द, दुसऱ्यात ६ ते ८. श्वासाच्या जागा संहितेत उभ्या रेघेने ठरवून दिल्या. आवाजाचा पोत हलवलाच नाही, आणि तरी वय ऐकू येतं.

शरीरात एकच जागा निवडली, उजवा गुडघा. वर्षानुवर्षं पायमशीन चालवणाऱ्याचा. बाकी काही ‘म्हातारं’ करायचं नाही. गुडघा आला की उरलेलं आपोआप येतं: पावलं लहान होतात, वळताना एका पायावर गिरकी न घेता दोन-तीन पावलांत वळावं लागतं. उठण्याची कृती तोडून बसवली. आधी खुर्चीच्या कडेला सरकणे, पावलं गुडघ्यांच्या मागे घेणे, हात मांड्यांवर, धड पुढे, मग उठणे. २७ वर्षांचा हे सगळं एका हालचालीत करतो आणि उठता उठता बोलतो. ६२ वर्षांचा आधी उठतो, मग बोलतो. बसताना हात आधी खुर्ची शोधतो, डोळे नाही.

डोळे: विशीत वस्तू डोळ्यांपासून साधारण १० सेंमीवर आणली तरी स्पष्ट दिसते. साठीत चष्म्याशिवाय तीच हातभर लांब धरावी लागते. म्हणून पहिल्या अंकात सुई नाकाशी, दुसऱ्यात हात लांब करून, उजेडाच्या बाजूला. चष्मा लावला की कामाकडे काचेतून आणि माणसाकडे काचेच्या वरून बघायचं. काच बिननंबरी घ्यावी. खऱ्या नंबरची लावली तर नटाला लांबचं धूसर दिसतं आणि पायरी चुकते. काचेवर चमक न उठवणारा लेप हवा, नाहीतर समोरच्या दिव्यात डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके दिसतात.

रंगभूषेत सुरकुत्यांच्या रेघा नकोत. तिसऱ्या रांगेला त्या मळासारख्या दिसतात आणि बाराव्या रांगेला दिसतच नाहीत. कानशिलं आणि भुवया पांढरट करणं पुरे.

२७ जून

शिंपी शिकाऊ पोराला थप्पड मारतो तो क्षण. स्पर्श अजिबात नाही. मारणाऱ्याने हात पूर्ण लांब केला तरी बोटांची टोकं गालापासून १५ सेंमी अलीकडे राहिली पाहिजेत, तेवढं अंतर जमिनीवर खुणेने पक्कं केलं. क्रम: नजरानजर, हात मागे घेणे, हात चेहऱ्यासमोरून जाणे, मान वळणे. आवाज मार खाणाऱ्याने स्वतःच्या छातीपाशी टाळी वाजवून काढायचा, त्या वेळी प्रेक्षकांकडे त्याची पाठ हवी. सूत्रं मार खाणाऱ्याच्या हातात असतात: त्याने नजर दिली नाही तर हात उठायचा नाही.

आधी पाव वेगाने, मग अर्ध्या, शेवटी पाऊण. प्रयोगातही पाऊणच. पूर्ण वेग प्रेक्षकांना दिसतच नाही. प्रत्येक प्रयोगाआधी दोघांनी हा तुकडा रंगमंचावर दोनदा करायचा, कितीही उशीर झाला असला तरी.

१ जुलै

वस्तू. शिंपी घर सोडून निघतो तेव्हाची बॅग रिकामी होती, आणि नट तिला जड असल्याचा अभिनय करत होता. बॅगेत ९ किलो जुनी मासिकं भरली. अभिनय थांबला, खांदा आपोआप उतरला. पत्रात खरा मजकूर लिहून ठेवला, कोऱ्या कागदावर डोळे वाचत नाहीत, नुसते फिरतात. कपात पाणी.

५ जुलै

दुसऱ्या अंकातला बायकोच्या आठवणीचा प्रवेश. आज नट खरोखर रडला आणि प्रवेश पडला. घसा आवळला, शब्द गेले, पुढची चार वाक्यं कुणालाच कळली नाहीत. तालमीतले सगळे हेलावले होते, म्हणून हे सांगणं अवघड गेलं.

नाट्यशास्त्रात भरताने अभिनयाचे चार प्रकार मांडले: आंगिक (शरीराचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा), सात्त्विक (आतून उमटणाऱ्या भावांचा). अश्रू आणि स्वरभंग हे आठ सात्त्विक भावांतले. म्हणजे या गोष्टींचं मोल परंपरेला ठाऊक आहे, आणि त्यांची अडचणही. दुसऱ्या टोकाला फ्रेंच लेखक दिदरो. त्याचा नटावरचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १८३० मध्ये छापून आला, त्यात त्याची बाजू अशी की थोर नट स्वतः थंड डोक्याचा असतो. दोन्ही टोकं वाचावीत. तालमीत मात्र प्रश्न एवढाच असतो की उद्या हे पुन्हा कसं करायचं.

ठरलं ते असं: रडायचं नाही, रडू आवरायचं. त्यासाठी हाताला काम दिलं. प्रवेशभर तो एका कोटाचं बटण लावतो. सुई ओवणं पहिल्या वाक्यावर, पहिला टाका ‘तेव्हा’ या शब्दावर, दोरा तोडणं शेवटच्या वाक्याआधी. आवाज फुटायला लागला की टाक्याकडे लक्ष. डोळ्यांत पाणी आलं तर आलं, न आलं तरी प्रवेश उभा राहतो. स्वतःच्या घरातलं ताजं दुःख आठवून रडू आणण्याची वाट आम्ही बंद ठेवली आहे. काही दिवसांत ती आठवण बोथट होते, किंवा नाटक संपल्यावरही मिटत नाही.

९ जुलै

सलग तालीम. पहिला अंक १ तास ९ मिनिटं, दुसरा १ तास १२. हवी आहेत ६२ आणि ६० मिनिटं. संहिता कापायची गरज नाही, जादा मिनिटं क्यूंच्या फटींत आणि नटाला आवडू लागलेल्या विरामांत आहेत. विरामाची परीक्षा: त्या शांततेत पात्र काही करतंय का? निर्णय घेतंय, ऐकतंय, वाट बघतंय? यातलं काही नसेल तर तो विराम नटाचा आहे, पात्राचा नाही.

१३ जुलै

रंगीत तालीम, प्रकाशासह. जुन्या दिव्यांखाली चेहऱ्याला ऊब लागते आणि नटाला आपली जागा कळते. एलईडीखाली ती ऊब फारशी जाणवत नाही, म्हणून जमिनीवर खुणा वाढवल्या. खूण खाली बघून शोधायची नाही. तिथून उलटी पावलं मोजत सुरुवातीच्या जागेपर्यंत यायचं, म्हणजे जाताना तेवढ्याच पावलांत पोचता येतं. काळोख होण्याआधी चार-पाच सेकंद, पाठ प्रेक्षकांकडे असताना, डोळे मिटून घ्यायचे. दिवे गेल्यावर डोळ्यांसमोर चमक राहत नाही आणि अंधारात चमकणारी पट्टी लगेच दिसते.

मध्यंतरातला बदल १२ मिनिटांत बसतो. क्रम: आधी केस (वाळायला वेळ लागतो), मग शर्ट, चपला, शेवटी चष्मा.

१७ जुलै

दुसरा प्रयोग पडला, बहुतेक नाटकांचा पडतो. पहिल्याला भीती असते आणि भीतीने कान उघडे राहतात. दुसऱ्याला नट कालचा प्रयोग पुन्हा करायला जातो. काल जिथे हशा आला तिथे आज थांबला, हशा आला नाही, भोक पडलं. सूचना: हशासाठी थांबायचं नाही. हशा आला, चढला, उतरू लागला आणि एक-तृतीयांश उरला की त्यावरून पुढचं वाक्य टाकायचं. पूर्ण विझेपर्यंत थांबलं तर पुढचं वाक्य थंड जागी पडतं.

२४ जुलै

कौतुकाने नटाचं काय होतं, या विषयाला वहीत आजवर जागा नव्हती. आता लागेल.

दुसऱ्या अंकातलं बटण प्रवेशाचं कौतुक झालं, खूप झालं. गेल्या तीन प्रयोगांत तो प्रवेश ४० सेकंदांनी, मग सव्वा मिनिटाने, मग जवळपास दोन मिनिटांनी लांबला. स्टॉपवॉच खोटं बोलत नाही. नट आता बटण लावत नाही, बटण लावणारा माणूस दाखवतो. ज्या क्षणाची स्तुती होते तो क्षण आधी बिघडतो, कारण नटाचं लक्ष कृतीवरून परिणामाकडे जातं. यात उर्मटपणा नसतो, आणि नम्रतेवरचं भाषण देऊन ते सुटतही नाही. उपाय कारागिरीचाच: टाक्यांची जागा बदलली. आता पहिला टाका ‘तेव्हा’वर नाही, त्याआधीच्या वाक्यावर आहे. हाताला नव्याने लक्ष द्यावं लागलं आणि प्रवेश परत मूळ लांबीवर आला.

पाय जमिनीवर राहणं स्वभावावर सोडलं तर ते मूडवर जातं. म्हणून तेही वेळापत्रकात घातलं:

पडद्याच्या ४५ मिनिटं आधी फोन व्यवस्थापकाकडे. कपडे स्वतःच्या हाताने हँगरवर लावून झाल्याशिवाय परत मिळणार नाही.

प्रयोगानंतर मशीन पुसणं, सुई काढून ठेवणं आणि बॅग जागेवर लावणं हे नटाचं काम. मदतनीस असले तरी.

पात्रातून बाहेर यायला १० मिनिटं: चपला बदलणे, चेहरा धुणे, उजवा गुडघा मोकळा होईपर्यंत चालणे, मग भेटीगाठी. थेट प्रेक्षकांत गेलं की शरीर पात्राच्याच ताणात राहतं, आणि मिळालेली वाहवा कुणाला मिळाली हे कळत नाही.

सूचना एकाच माणसाकडून, दिग्दर्शकाकडून, आणि दुसऱ्या दिवशी. त्या रात्री कुणी काही सांगितलं, चांगलं वा वाईट, तर ‘आभारी आहे’ एवढंच. परीक्षणं वाचायची तर प्रयोग नसलेल्या दिवशी. वाईट परीक्षणात करण्याजोगं काही असेल (‘शेवटचे शब्द ऐकू येत नाहीत’) तर ते वहीत. चांगल्या परीक्षणात करण्याजोगं सहसा काहीच नसतं.

आठवड्यात एक दिवस असं काम, जिथे कुणाला नाटकाशी देणंघेणं नाही.

२ ऑगस्ट

एका चित्रपटासाठी स्वतः रेकॉर्ड करून पाठवायची ऑडिशन. चौकट छातीपासून वर, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, आडवा. मागे साधी भिंत, पण तिच्यापासून मीटरभर पुढे. उजेड समोरून थोडा बाजूने. क्यू देणारा लेन्सच्या अगदी शेजारी उभा आणि नटापेक्षा हळू बोलणारा, नाहीतर माईकजवळचा त्याचाच आवाज मोठा येतो. दोन टेक, आणि दोन्हींत क्रियापद वेगळं. एकच गोष्ट जास्त आणि कमी करून दाखवणं म्हणजे दोन टेक नव्हेत.

ऑडिशनची नोंद ठेवायला तक्ता केला: काय मागितलं, काय केलं, पुढच्या वेळी काय बदलायचं. निकालाचा रकाना ठेवला नाही. निवड उंची, वय, समोरच्या नटाशी जोडी, तारखा अशा कितीतरी गोष्टींवर होते, आणि त्यातून तयारीबद्दल काही शिकता येत नाही.

९ ऑगस्ट

निवड झाली, छोटी भूमिका. कॅमेऱ्याची तयारी.

‘कॅमेऱ्यासमोर कमी करायचं’ हा सल्ला अर्धवट आहे. कमी करायला गेलं की चेहरा मरतो. अंतर कमी करायचं. रंगमंचावर वाक्य २० मीटरवर पोचवायचं असतं, इथे समोरच्या माणसापर्यंत. हेतूचा जोर तेवढाच.

क्लोज-अपचं गणित नटाला कळलेलं बरं. फुल फ्रेम कॅमेरा, ८५ मिमी लेन्स, एफ १.८ छिद्र (म्हणजे लेन्स बरीच उघडी), अंतर २ मीटर असेल तर स्पष्ट दिसणारी खोली सुमारे ६ सेंमी. म्हणजे उत्साहाने डोकं चार सेंमी पुढे आलं की डोळे धूसर. खूण पायांसाठी असते, पण डोकं कुठे असेल हेही तालमीत दाखवून द्यावं लागतं.

सातत्य: कप कोणत्या हातात, कोणत्या शब्दावर उचलला, हे वाइड शॉटमध्येच (लांबून पूर्ण दृश्य घेतात तेव्हा) ठरवायचं, कारण क्लोजमध्ये तेच पुन्हा करावं लागेल. त्यामुळे वाइडमध्ये हालचाली मोजक्या. क्लोजमध्ये समोरच्याच्या वाक्यावर आपलं वाक्य चढवायचं नाही, संकलनात तोडता येत नाही. रंगमंचावर महिनाभर फटी बुजवायला शिकवल्यावर हे उलटं शिकवावं लागतं.

चित्रीकरण क्रमाने होत नाही. म्हणून प्रवेशांचा तक्ता: या प्रवेशाच्या अर्धा मिनिट आधी तो कुठे होता, किती दमलेला, काय माहीत आहे, काय अजून माहीत नाही. शेवटचा रकाना सगळ्यांत उपयोगी. पुढचं ठाऊक असलेला नट आधीच दुःखी दिसतो.

१६ ऑगस्ट

विचारणा येऊ लागल्या, तिन्ही वृद्धांच्या भूमिकांसाठी. एकदा जमलं की तेच मागितलं जातं. भूमिका घेण्याआधी नटाने लिहून काढायचं: हे पात्र करताना शरीराला, आवाजाला किंवा हातांना नवीन काय शिकावं लागेल? एक ओळही निघाली नाही तर ती भूमिका पैशासाठी आहे. तशीही घ्यावी, पण काय म्हणून घेतो आहोत ते माहीत असावं. करारात तारखा, प्रयोग किंवा चित्रीकरणाचे दिवस, पैशाचे टप्पे, रद्द झाल्यास काय, आणि रेकॉर्डिंग कुठे कुठे वापरणार, हे लेखी. तोंडी ‘बघू’ म्हणजे नाही असं धरावं.

२१ ऑगस्ट

पुढच्या प्रयोगाआधी: मशीनचा पट्टा बदलणे. अंगुस्तान सैल झालं आहे, आतून पट्टी लावणे. थप्पडीच्या खुणा पुसट, नव्या घालणे. शिकाऊ पोराच्या भूमिकेतल्या नव्या नटाबरोबर तो तुकडा पुन्हा पाव वेगापासून. पहिल्या अंकातलं ‘दिला नाही’ पुन्हा पोटात जातंय, उद्या उलट्या क्रमाने २० वेळा. दुसरा अंक काल ६१ मिनिटं.